पैशाची तूट आणि नजरेची तूट

१९३० साली जॉन वेन या तेवीस वर्षांच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या नटाला ‘द बिग ट्रेल’ या प्रचंड खर्चाच्या वेस्टर्नपटात, म्हणजे काउबॉयच्या साहसपटात, नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट पडला आणि त्यानंतरची जवळजवळ नऊ वर्षे वेनने मुख्यतः स्वस्तातल्या चित्रपटांत काढली. मोनोग्रॅम कंपनीतर्फे निघालेल्या ‘लोन स्टार’ मालिकेत १९३३ ते १९३५ या काळात त्याने १६ वेस्टर्नपट केले, पुढे रिपब्लिक कंपनीच्या ‘थ्री मेस्किटियर्स’ मालिकेत आणखी ८ केले, आणि १९३९ मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ने त्याचा वनवास संपवला, अशी ही कथा नेहमी सांगितली जाते. त्यातला वनवास मला खटकतो. ‘स्टेजकोच’मधल्या ज्या प्रसंगाने आजही श्वास रोखला जातो, त्यात याकिमा कनट हा स्टंटपटू भरधाव घोड्यांच्या जोडीवर झेप घेतो, खाली घसरतो आणि घोड्यांच्या व गाडीच्या खालून जातो, हे कसब कनटने स्वस्त मालिकांतच कमावले होते. ठोसा प्रत्यक्ष न लागता केवळ कॅमेऱ्याच्या कोनामुळे तो लागल्याचा भास व्हावा, ही मारामारीची पद्धत बसवण्याचे श्रेयही ‘लोन स्टार’ चित्रपटांतल्या कनट, वेन आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांनाच दिले जाते. याच मालिकेचा छायालेखक आर्ची स्टाउट याला पुढे ‘द क्वाएट मॅन’ या १९५२ च्या चित्रपटासाठी, विंटन होक याच्या जोडीने, ऑस्कर मिळाले. ज्या काळातून इतके काही निपजले त्याला वनवास न म्हणता उमेदवारी म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

या चित्रपटांविषयी बोलणारे आज सहसा दोन बाजूंना उभे असतात. बालपणीच्या शनिवारच्या मॅटिनी खेळांच्या आठवणी जपणारे त्यांच्या सगळ्या उणिवा मायेने पोटात घालतात, तर गंभीर समीक्षक त्यांना एका वाक्यात निकालात काढतात. विशेष असे की कारणाविषयी दोघांचेही एकमत आहे: पैसा कमी होता, म्हणून चित्रपट असे झाले. एक बाजू हे कारण क्षमेसाठी पुढे करते आणि दुसरी तुच्छतेसाठी. मला हे कारणच अपुरे वाटते. मालिका-वेस्टर्नच्या, म्हणजे एकेका नायकाच्या अशा स्वस्त मालिकांच्या, काही उणिवा पैशाच्या तुटीतून आल्या आणि काही नजरेच्या तुटीतून आल्या. पहिल्या प्रकारच्या उणिवा क्षम्य तर आहेतच, पण कित्येक वेळा या चित्रपटांचे खरे आकर्षणही त्याच तुटीतून उगवले आहे. दुसऱ्या प्रकारच्या उणिवांना मात्र गरिबीची सबब लागू पडत नाही, कारण त्या दूर करण्यासाठी एक डॉलरही जास्त खर्च आला नसता.

आधी पैशाचा हिशेब पाहू. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतल्या थिएटरमालकांनी प्रेक्षक टिकवण्यासाठी एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा सुरू केली. त्यातल्या पहिल्या, मोठ्या चित्रपटाचे भाडे तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर ठरत असे, तर दुसऱ्याचे, म्हणजे बी-चित्रपटाचे, भाडे ठरावीक रकमेचे असे. थिएटर तुडुंब भरले काय किंवा अर्धे रिकामे राहिले काय, निर्मात्याच्या हाती पडणारी रक्कम जवळपास तीच. म्हणजे चित्रपट वाईट झाल्याने फारसे बुडत नव्हते आणि चांगला झाल्याने फारसे मिळतही नव्हते. जो काही नफा व्हायचा तो खर्च दाबूनच व्हायचा. हर्बर्ट येट्स या फिल्म धुण्याच्या व छापण्याच्या प्रयोगशाळेच्या मालकाने आपल्या देणेकरी असलेल्या अनेक छोट्या कंपन्या १९३५ मध्ये एकत्र करून रिपब्लिक पिक्चर्स उभी केली, ती याच गणितावर. जेमतेम तासाभराची लांबी, आठवडाभराचे चित्रीकरण, तोच नायक, तोच घोडा, तेच खडक, आणि दर एक-दोन महिन्यांनी नवे नाव, असा तो कारखाना होता. पीआरसी नावाच्या आणखी गरीब कंपनीत सॅम न्यूफील्ड हा दिग्दर्शक इतक्या वेगाने चित्रपट काढत असे की एकच नाव वारंवार दिसू नये म्हणून त्याचे काही चित्रपट शेरमन स्कॉट आणि पीटर स्टुअर्ट या टोपणनावांनी प्रदर्शित करावे लागले.

या गणिताच्या खुणा पडद्यावर लपत नाहीत. रात्रीचे प्रसंग भर उन्हात काळी काच लावून घेतलेले दिसतात, १८७० च्या सुमाराच्या रस्त्यावर मोटारीच्या चाकांचे ठसे उमटलेले असतात, आणि नायक ज्या वळणावरून खलनायकाचा पाठलाग करतो त्याच वळणावरून दहा मिनिटांनी पुन्हा जातो. कोलंबिया कंपनीच्या ‘डुरँगो किड’ मालिकेत चार्ल्स स्टारेटचा नायक तोंडावर काळा रुमाल बांधून फिरे. त्या रुमालाआड जोखमीची कामे जॉक महोनीसारख्या स्टंटपटूने केली तरी ओळखू येत नसे, आणि शेवटच्या काही वर्षांत तर जुन्या चित्रपटांतले घोडदौडीचे तुकडे उचलून नव्यात जोडून दिले जात. सलग चार चित्रपट पाहिले की तीच घोडागाडी त्याच उतारावरून पुन्हा पुन्हा कोसळताना दिसते. हे दोष खरे आहेत आणि ते कंटाळवाणेही आहेत. पण ज्याला सात दिवसांत साठ मिनिटांचा चित्रपट द्यायचा आहे त्याच्याकडून दुसरे काही मागणे हा अन्याय ठरेल.

माझे लक्ष वेधून घेते ते याच्या उलट टोकाचे काम. भाडे ठरलेलेच होते, म्हणजे चांगल्या कामाला मोबदला नव्हता. म्हणून या चित्रपटांत जे जे चांगले सापडते ते कुणीतरी हिशेबाबाहेर जाऊन, केवळ कामाच्या अभिमानापोटी केलेले असते. जोसेफ लुईस हा दिग्दर्शक वेगवेगळ्या आऱ्यांची गाडीची चाके चित्रीकरणाला बरोबर नेत असे आणि कथेतला प्रसंग नीरस वाटला की कॅमेऱ्यापुढे चाक ठेवून त्याच्या आऱ्यांमधून दृश्य टिपत असे. सहकाऱ्यांनी त्याचे नाव ‘वॅगन-व्हील जो’ ठेवले. नाव थट्टेचे असले तरी त्यामागे एक गंभीर गोष्ट आहे: चार माणसे खोलीत उभी राहून जमिनीच्या कागदांबद्दल बोलताहेत, हे दृश्य देखणे असावे असे कुणी मागितलेले नसताना लुईसला ते देखणे करायचे होते. विल्यम विटनी या दिग्दर्शकाने बझ्बी बर्कली या नृत्यदिग्दर्शकाला नृत्याची एकेक हालचाल सुटी बसवून चित्रित करताना पाहिले आणि तीच रीत मारामारीला लावली. पूर्वी दोन-चार जण कॅमेऱ्यासमोर एकमेकांवर तुटून पडत आणि जे मिळेल ते पडद्यावर जाई. विटनीने ठोसा, पडणे, खुर्ची मोडणे, पुन्हा उठणे यांचे सुटे सुटे तुकडे केले आणि त्यांतून ताल बांधला. १९४६ पासून त्याने दिग्दर्शित केलेल्या रॉय रॉजर्स या गाणाऱ्या काउबॉय नायकाच्या चित्रपटांत हा ताल स्पष्ट जाणवतो. साहसपटांची मारामारी आज ज्या पद्धतीने चित्रित होते तिची एक मुळी या स्वस्त कारखान्यात आहे.

भूदृश्याचेही तेच झाले. स्टुडिओत शहर उभारायला पैसे लागत, डोंगर मात्र फुकट होते. त्यामुळे हे चित्रपट उघड्यावर आले: लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ इथला आयव्हरसन रँच, आणि सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी लोन पाइन गावालगतच्या अलाबामा हिल्समधले गोलसर, तांबूस खडक. ‘हॉपअलाँग कॅसिडी’ मालिकेचे, जिच्यात विल्यम बॉइडने १९३५ ते १९४८ या काळात ६६ चित्रपट केले, अनेक भाग या खडकांत घडतात, आणि रसेल हार्लन या छायालेखकाने तिथला प्रकाश ज्या जाणकारीने टिपला आहे तो पाहिला की ‘रेड रिव्हर’ हा गाजलेला वेस्टर्नपट पुढे त्याच्याच हाती का सोपवला गेला असेल हे कळते. घोड्यावर बसलेला एक माणूस, मागे बर्फाच्छादित रांग, आणि धुळीतून येणारी सकाळची तिरपी उन्हे. या दृश्याला संवाद लागत नाही आणि कथा बेताची असली तरी चालते.

कथेविषयीही एक गोष्ट बोलायला हवी, कारण इथेही तुटीने अनपेक्षित भले केले. शेकडो घोडेस्वारांची फौज परवडत नव्हती, त्यामुळे या मालिका सैन्य आणि मूलनिवासी यांच्या युद्धकथांच्या वाटेला कमी गेल्या. त्यांचा खलनायक बहुधा गावातलाच एखादा प्रतिष्ठित माणूस असतो: बँकवाला, सावकार, जमिनीचा दलाल, पाणी कंपनीचा मालक. कोट-टाय घातलेला हा गृहस्थ कायद्याची भाषा बोलतो आणि गुंड पदरी बाळगतो. मंदी आणि धुळीच्या वादळांनी ज्यांची शेते गहाण पडली होती त्या लहान गावांतल्या प्रेक्षकांना हा माणूस ओळखीचा होता. जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉय नायकाने १९३८ मध्ये पैशावरून रिपब्लिकशी भांडण काढले तेव्हा लिओनार्ड स्लाय या गायकाला रॉय रॉजर्स या नावाने पुढे आणले गेले. ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ या त्याच्या नायक म्हणून पहिल्या चित्रपटात तो पाण्यासाठी निवडणूक लढवून थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये जातो, आणि त्यातले ‘डस्ट’ हे धुळीने उद्ध्वस्त झालेल्या शेतांचे गाणे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचले. मोठ्या कंपन्यांचे झगमगते चित्रपट त्या वर्षांत बहुतांशी दुसरीकडे पाहत असताना गाणाऱ्या काउबॉयच्या तासाभराच्या चित्रपटात दुष्काळ आणि पाणीवाटपाचा प्रश्न आला, ही क्षुल्लक बाब नाही. २००९ मध्ये या चित्रपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. तो योग्यच होता.

मालिकेचा म्हणून एक वेगळा आनंद असतो, आणि आपल्याला तो परका नाही. तमाशाला जाणारा माणूस कथेत पुढे काय होणार हे शोधायला जात नाही; गण-गवळण येणार, सोंगाड्या येणार, बतावणी रंगणार हे त्याला ठाऊक असते, आणि आजची बतावणी कालच्यापेक्षा कशी वेगळी जमते हे पाहण्यात त्याचा रस असतो. ऑट्रीबरोबर विनोदी जोडीदार स्मायली बर्नेट असणार, रॉजर्सबरोबर तसाच दाढीवाला गॅबी हेज असणार, ‘चॅम्पियन’ किंवा ‘ट्रिगर’ घोडा वेळेवर धावून येणार, ही खात्री हाच त्या खेळाचा पाया होता. एकेक चित्रपट सुटा काढून तपासणारी समीक्षा या ठिकाणी चुकते. मापच लावायचे तर ते मालिकेला लावले पाहिजे.

इथवर जे लिहिले ते प्रेमाने लिहिले आहे, आणि म्हणूनच पुढचे लिहिणे मला टाळता येत नाही. या चित्रपटांतला मुख्य तंटा जमिनीचा असतो. जमीन कष्टाळू शेतकऱ्याची की लबाड बँकवाल्याची, याचा निवाडा साठ मिनिटांत लागतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. त्या जमिनीचा या दोघांच्याही आधीचा धनी मात्र चौकटीत नसतो. लोन पाइन ज्या ओवेन्स खोऱ्यात आहे ते पायूट या मूलनिवासी लोकांचे खोरे. १८६३ मध्ये लष्कराने त्यांच्यापैकी जवळजवळ हजार जणांना पायी हाकत दूरच्या फोर्ट तेहोनला नेले. पुढे लॉस एंजेलिस शहराने याच खोऱ्याचे पाणी कालव्याने पळवले. कालवा १९१३ मध्ये पुरा झाला, आणि १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी लोन पाइनजवळची पाण्याची दारे ताब्यात घेतली तेव्हा जवळच चित्रीकरण करत असलेल्या टॉम मिक्स या वेस्टर्नपटांच्या नायकाने त्यांच्या मनोरंजनासाठी आपले वादक पाठवले. शेतकऱ्यांच्या पाण्याची वेदना पडद्यापर्यंत पोहोचली, पायूटांची मात्र त्यांच्याच खडकांत चित्रित झालेल्या शेकडो चित्रपटांत पोहोचली नाही. मूलनिवासी आलेच तर दारू आणि बंदुका विकणाऱ्या गोऱ्या बदमाशाच्या भूलथापांना बळी पडणारे, तुटक बोलणारे, आणि पुष्कळदा रंग फासलेल्या परक्या नटांनी उभे केलेले. त्यांच्या तोंडी एक धड वाक्य घालायला किती खर्च आला असता?

काउबॉय या माणसाचीच गोष्ट घ्या. लॅसो, रोडिओ, रँच हे सगळे शब्द स्पॅनिश आहेत, कारण हा धंदा अमेरिकनांनी मेक्सिकन गुराख्यांकडून उचलला. गुरांचे तांडे हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीयांची संख्याही मोठी होती. धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घेऊन त्याला शिंगांनी लोळवण्याचा रोडिओतला प्रसिद्ध प्रकार बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयच्या नावाने ओळखला जातो. मालिकांत मात्र मेक्सिकन माणूस, ‘सिस्को किड’ या मेक्सिकन नायकासारखे अपवाद सोडले तर, बहुधा दरोडेखोर किंवा विनोदी नोकर असतो, आणि कृष्णवर्णीय माणूस आचारी असतो किंवा नसतोच. त्या काळी सगळेच असे विचार करत, हा बचाव नेहमी केला जातो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. १९३७ ते १९३९ या काळात हर्ब जेफरीज या गायकाने कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी चार वेस्टर्नपटांत काउबॉय नायक साकारला. मोहावे वाळवंटात व्हिक्टरव्हिलजवळ एका कृष्णवर्णीय दांपत्याच्या रँचवर काही चित्रीकरण झालेले हे चित्रपट रिपब्लिकच्या मानानेही कफल्लक होते, आणि तरीही घोड्यावर कोण बसू शकतो याचे उत्तर त्यांनी बदलून दाखवले. स्वतः ऑट्रीच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या काउबॉयच्या दहा नियमांत वंश आणि धर्म यांबाबत असहिष्णू विचार बाळगू नयेत असा एक नियम आहे. म्हणजे योग्य काय ते ठाऊक होते, लिहूनही ठेवले होते. पटकथेच्या टेबलापर्यंत ते आले नाही.

स्त्रियांविषयी मुंबईतला एक दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. रिपब्लिक स्थापन झाली त्याच १९३५ साली परळच्या लवजी कॅसलमधल्या वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ प्रदर्शित केला. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंवर अमेरिकन साहसपटांचा प्रभाव होता. मुखवटा, घोडा, चाबूक, अन्यायी सत्ताधारी, सारे तेच. पण घोड्यावर त्यांनी नादिया या अभिनेत्रीला बसवले, आणि तिने आपले स्टंट स्वतः करून वर्षानुवर्षे थिएटरे भरली. तिच्या घोड्याचे नाव होते ‘पंजाब का बेटा’. साधने तुटपुंजी, समीक्षकांची नाके मुरडलेली, परिस्थिती अगदी ‘पॉव्हर्टी रो’वरच्या, म्हणजे हॉलिवूडच्या गरीब गल्लीतल्या, अमेरिकन कंपन्यांसारखीच. तिकडे डेल इव्हान्ससारखी गाणारी, घोड्यावर बसणारी, बुद्धिमान अभिनेत्री रॉजर्सच्या जोडीला होती, तरी श्रेयनामावलीत आधी रॉजर्सचे नाव, मग ट्रिगर घोड्याचे, मग गॅबी हेजचे, आणि त्यानंतर तिचे येई. परळमध्ये जे सुचले ते हॉलिवूडमध्ये सुचायला पैशाची अडचण नव्हती.

आणि घोडे. ज्यांच्या जिवावर हा सगळा चित्रप्रकार उभा राहिला त्यांना धावता धावता पाडण्यासाठी पायांना तार बांधून ती जमिनीतल्या खुंट्याला अडकवण्याची युक्ती सर्रास वापरली जाई. तार ताणली गेली की घोडा तोंडावर आपटे. कित्येक घोडे अपंग झाले, कित्येक मेले. याकिमा कनटच्या कामाचे मी वर कौतुक केले, पण ही युक्ती घडवण्यातही त्याचा हात होता हे लपवून ते कौतुक पुरे होत नाही. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’मध्ये घोड्याला कड्यावरून पाण्यात लोटले गेले आणि तो मेला, त्यानंतरच्या संतापातून १९४० पासून प्राणिरक्षकांची देखरेख सुरू झाली. ‘जेसी जेम्स’ हा मोठ्या कंपनीचा, भरपूर खर्चाचा, रंगीत चित्रपट होता. क्रौर्याचा संबंध गरिबीशी नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

ही लहान मुलांची करमणूक होती, तिला इतके गंभीरपणे का घ्यायचे, असे विचारले जाते. मुलांची होती म्हणूनच घ्यायचे. आठ वर्षांच्या मुलाने दर शनिवारी, वर्षातून पन्नास वेळा पाहिलेली गोष्ट त्याच्या मनात देशाचा नकाशा आखते. त्यात कोण राहतो आणि कोण राहत नाही, हे तो तिथेच शिकतो.

दूरचित्रवाणी आली आणि हा व्यवसाय काही वर्षांत आटोपला. १९५४ हे या मालिकांचे शेवटचे वर्ष मानतात. बॉइडने ‘कॅसिडी’चे हक्क मोठी जोखीम घेऊन विकत घेतले होते, १९४९ पासून ते चित्रपट छोट्या पडद्यावर दिसू लागले आणि नवी पिढी त्यांच्यामागे वेडी झाली. रॉजर्सने मात्र आपले चित्रपट जाहिरातदारांच्या दावणीला बांधू नयेत म्हणून रिपब्लिकवर दावा लावला, तो खालच्या न्यायालयात जिंकला आणि १९५४ मध्ये अपिलात हरला. त्यानंतर तासाभराच्या कार्यक्रमात बसावेत म्हणून सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचे त्याचे चित्रपट सुमारे ५४ मिनिटांवर कापले गेले. गाणी गेली, सोंगाड्याची बतावणी गेली, आणि जे रंगीत होते त्यांतले कित्येक आता केवळ कृष्णधवल, कापलेल्या प्रतींच्या रूपात उरले. इतर अनेक चित्रपटांचे हक्क २८ व्या वर्षी नूतनीकरण न झाल्याने संपले. ते फुकट झाले, आणि फुकट झाल्यामुळे कुणाचेच राहिले नाहीत. धुरकट प्रती, त्यांवर मागाहून चढवलेले विजोड इलेक्ट्रॉनिक संगीत, अशा अवस्थेत ‘लोन स्टार’चे चित्रपट आज बहुतेकांच्या नजरेस पडतात, आणि त्यावरूनच स्टाउटच्या छायालेखनाचा निकाल लावला जातो.

म्हणून संग्रहालयांनी आणि हक्कधारकांनी या मालिकांतले निवडक चार चित्रपट उजळून बाकीचे कुजू द्यावेत, हे मला मान्य नाही. मालिका पूर्ण जपली पाहिजे, पूर्ण लांबीची, गाण्यांसकट आणि बतावणीसकट. जेफरीजचे चारही चित्रपट रॉजर्सच्या शेजारी ठेवले पाहिजेत, ‘हंटरवाली’ची आठवण डेल इव्हान्सच्या शेजारी आली पाहिजे, आणि तारेने पाडलेला घोडा जिथे आपटतो ती दृश्येही कापता कामा नयेत, कारण तोच घोडा उठून पुन्हा धावू लागला की नाही, हे आपल्याला पाहायचे आहे.